विम्यातून विमानाकडे

सेलूत आमचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, आणि खरीप आला की पीकविमा. विमानात मी आजवर एकदाही बसलेलो नाही. हे सगळं सुरू झालं ते गल्लीतल्या एका अकरावीच्या पोरामुळं. मोबाइल पुढं धरून म्हणाला, "काका, एवढे पैसे भरून द्या की, तुमच्याकडं कार्ड आहे ना."

बघतो तर घरच्या कॉम्प्युटरवर विमान उडवायचा प्रोग्रॅम. किंमत डॉलरमध्ये, "शंभराहून जास्त विमानं सोबत", "आज शेवटचा दिवस". ग्राहकाचे पैसे भरण्याआधी साइट तपासायची ही दुकानाची सवय, नाहीतर बोंब आपल्याच दारात येते. तपासलं तर त्यातले फोटो फ्लाइटगिअर नावाच्या सिम्युलेटरचे निघाले. ते 1997 पासून जगभरची हौशी माणसं मिळून बनवत आलेत आणि अधिकृत जागेवर ते चकटफू मिळतं. त्याचं लायसन्स जीपीएल. म्हणजे घ्या, वाटा, आतलं बदला, विकलं तरी बंदी नाही. विकायच्या त्या मोकळिकीचा फायदा घेऊन कुणीतरी नाव बदलून दुकान मांडलं होतं. पोराचे पैसे वाचले. आणि मला मात्र ती विमानं चावली.

मूळ फाइल माझ्या रोजच्या दीड जीबीत बसणारी नव्हती. दोन रात्री लाइट गेली, दोन्ही वेळा डाउनलोड तुटलं. तिसऱ्या रात्री तुटलेल्या जागेवरून पुढं ओढणारा डाउनलोड मॅनेजर टाकला आणि मगच ते उतरलं.

सोबत सेसना 172 हे एका इंजिनाचं छोटं विमान येतं. ती सुरू कशी करायची हे शोधण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. गाडीसारखी चावी फिरवली की झालं असं नाही. महिरपी कंस तीन वेळा दाबून मॅग्नेटो, म्हणजे इंजिनाला ठिणगी देणारी यंत्रं, दोन्ही चालू करायची, मिक्श्चर म्हणजे हवा-इंधनाचं प्रमाण बघायचं, मग एस दाबून स्टार्टर. इंजिन धरलं, थ्रॉटल पूर्ण दिला, पण विमान जागचं हलेना. पार्किंग ब्रेक लागलेला. शिफ्ट आणि बी. ते सोडल्यावर विमान डावीकडं ओढत गवतात शिरलं, कारण पूर्ण जोर दिला की पंखा नाक डावीकडं खेचतो आणि उजव्या पायानं ते सावरायचं असतं. माझ्याकडं पाय द्यायला काही नव्हतं, होता तो नंबरपॅडवरचा एंटर. मेन्यूत ऑटोस्टार्टची सोय असते हे मला आठवड्यानं कळलं. दुकानात लोकांना "आधी सूचना वाचा" सांगणारा माणूस मी.

आता मूळ गोष्ट, म्हणजे फुकटची विमानं.

लाँचरमध्ये, म्हणजे उडण्याआधी उघडणाऱ्या खिडकीत, विमानांचं एक पान आहे. तिथं अधिकृत हँगर, म्हणजे विमानांचं ऑनलाइन भांडार, जोडला की शेकडो विमानांची यादी येते, इन्स्टॉल दाबलं की विमान आपोआप बसतं. एवढ्यावर थांबलो असतो तर हा लेख झाला नसता. पण मला पायपर कब हे पिवळं छोटं विमान पाहिजे होतं, आणि तेही बनवणाऱ्यांच्या गिटहबवरून, म्हणजे प्रोग्रॅम बनवणारे आपलं काम ठेवतात त्या साइटवरून, कारण तिथं नवी आवृत्ती असते असं वाचलं. झिप उतरवली, विमानांच्या फोल्डरात तशीच ठेवली. यादीत काही नाही. मग झिप उलगडली. तरी काही नाही, कारण विंडोजनं फोल्डरच्या पोटात पुन्हा त्याच नावाचा फोल्डर केला होता. फ्लाइटगिअर शोधतं ती नावाच्या शेवटी "-सेट" असलेली एक्सएमएल फाइल, आणि ती विमानाच्या फोल्डरात पहिल्याच पायरीवर असावी लागते. शिवाय लाँचरला दाखवायचा असतो तो विमानाचा फोल्डर नव्हे, तर विमानांचे फोल्डर ज्यात ठेवलेत तो बाहेरचा. वाडा दाखवायचा, खोली नाही.

हे सगळं केल्यावर कब यादीत आलं. घरात ओरडून सांगितलं. उडवायला घेतलं तर धावपट्टीवर पिवळ्या कबऐवजी एक ओबडधोबड ग्लायडर उभं. पोरगा म्हणाला, "पप्पा, हे तर दुसरंच विमान दिसायलंय." तीन दिवस मी ग्राफिक्स कार्डाला दोष देत बसलो. ड्रायव्हर बदलला, लॅपटॉप दोनदा बंद-चालू केला. बायको रात्री साडेबाराला उठून म्हणाली, "एवढ्या रात्री काय करायलात? कुणाचा दाखला अडकलाय का?"

दाखलाच अडकला होता, म्हणजे नावातली चूक. गिटहबवरून झिप घेतली की फोल्डरच्या नावाला "-मास्टर" असं शेपूट लागतं. विमानाच्या आतल्या फायली मात्र एकमेकींना मूळ नावानं हाका मारतात. त्या नावाचा फोल्डर सापडला नाही की मॉडेल सापडत नाही, आणि मॉडेल सापडलं नाही की फ्लाइटगिअर त्या जागी ते ग्लायडर उभं करतं. आधारवर एक नाव आणि बँकेत दुसरं असलं की अनुदान अडकतं, तसंच हे. शेपूट कापलं, नाव नुसतं "जे3कब" ठेवलं, आणि पिवळं कब दिमाखात उभं राहिलं.

फुकट म्हणजे सगळं सारखंच चांगलं, असं समजू नका. प्रत्येक विमानाला चार गोष्टींवर गुण असतात: उडण्याचं गणित, आतल्या यंत्रणा, कॉकपिट आणि बाहेरचं रूप. प्रत्येकी शून्य ते पाच. लाँचरमध्ये त्यावर चाळणी लावता येते. मी ती काढून हावरटासारखी वीसेक विमानं उतरवली. कुणाच्या कॉकपिटमध्ये नुसता राखाडी डबा, कुणाची चाकं जमिनीत रुतलेली. आणि उलटा प्रकार म्हणजे बोइंग 777. सुंदर काम, पण माझ्या लॅपटॉपवर ते व्हीसीडी अडकल्यासारखं चालायचं. आता चाळणी लावलेली असते आणि डिस्कवर चारच विमानं आहेत. माझ्या मते जुन्या मशीनवर शिकायला सेसनाच बरी. ती नीट जमली की मग पुढची हाव.

मे महिन्यात एका रविवारी संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाहून नांदेड असा बेत केला. विमानतळांचे कोड व्हीएएयू ते व्हीएएनडी. सरळ रेषेत सुमारे 116 नॉटिकल मैल (215 किलोमीटर), दिशा साधारण 111 अंश. नकाशावर पट्टी ठेवली तर ती रेघ बरोबर सेलूवरून जात होती. हे मी मुद्दाम जुळवलं नव्हतं, खरंच.

खालच्या जमिनीचं चित्र टेरासिंक ही सोय इंटरनेटवरून आपोआप उतरवत राहते. हवामान मी लाइव्ह ठेवलं होतं. चिकलठाणा समुद्रसपाटीपासून सुमारे 1,900 फुटांवर, त्यात मराठवाड्याचं ऊन. तापलेली हवा विरळ असते, त्यामुळं सेसना रनवे 09 वर धावतच राहिली. त्या टोकाला पोचताना मला 26 एप्रिल 1993 आठवला. तिथंच उड्डाण घेणारं बोइंग 737 रस्त्यावरच्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं होतं, 55 माणसं गेली. आमच्याकडं कापसाचा ट्रक म्हणजे रोजचं चित्र, म्हणून ती बातमी डोक्यातून जात नाही. खेळात रस्त्यावर ट्रक नव्हता. तरी मी श्वास धरून होतो.

साडेपाच हजार फुटांवर विमान सरळ केलं आणि पोराला हाक मारली. पस्तीस-चाळीस मिनिटांनी आम्ही सेलूवर होतो. खाली रेल्वेची एक बारीक रेघ, बाकी नुसती शेतं. निम्न दुधनाचं पाणी नाही, गाव नाही, दुकान तर नाहीच. पोरगा हिरमुसला. मी मात्र त्या रेघेवर एक घिरटी घातली आणि मगच पुढं निघालो.

नांदेडला रनवे 10 वर चाकं टेकली ती तीनदा, म्हणजे उसळत उसळत, आणि विमान पट्टीच्या कडेला तिरकं थांबलं. पोरानं उतरवण्याला दहापैकी तीन गुण दिले.

त्या अकरावीच्या पोराला सगळं पेनड्राइव्हवर फुकट दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडायच्या आत तो दारात हजर: "काका, माझ्याकडं ग्लायडर यायलंय." त्यानं फोल्डरला स्वतःचं नाव दिलं होतं.