लग्नपत्रिका कधीच ‘एपीके’ नसते

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या पत्रिकेच्या नावाशेवटी ‘एपीके’ (.apk) दिसलं तर ती पत्रिका नाही, अ‍ॅप आहे. पाठवणारा सख्खा मामा का असेना. त्याचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला असू शकतो. हे अ‍ॅप एसएमएस वाचायची परवानगी मागतं आणि बँकेचे ओटीपी परस्पर पुढे धाडतं.

चुकून इन्स्टॉल झालं? आधी एअरप्लेन मोड लावा, वाय-फायही बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून यूपीआय आणि नेटबँकिंग थांबवा. पैसे गेले असतील तर तत्काळ १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, कारण रक्कम भराभर एका खात्यातून दुसऱ्यात सरकते. अ‍ॅप हटत नसेल तर सेटिंग्जमध्ये त्याचा ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’ अधिकार काढा, मग अनइन्स्टॉल करा. तरीही मी फॅक्टरी रीसेटच, म्हणजे फोन पूर्ण पुसून नव्यासारखा करणंच सुचवेन. पासवर्ड मात्र दुसऱ्या, स्वच्छ फोनवरूनच बदला.