पोप सिल्वेस्टर आणि रानातली त्याची नावभावंडे

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रोमला पोहोचले, तेव्हा माझ्या पिशवीत एका चित्राची छापील प्रत होती. मूळ चित्र हायडेलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयातील, १४६० च्या सुमाराच्या एका हस्तलिखितात आहे. तेराव्या शतकात मार्टिन नावाच्या इतिवृत्तकाराने पोप आणि सम्राट यांची जी बखर लिहिली, तिची ही सचित्र प्रत. आणि या चित्रात पोप दुसरा सिल्वेस्टर व सैतान शेजारी शेजारी उभे आहेत. ज्या माणसाने आपले अंक युरोपातील विद्यार्थ्यांना शिकवले, त्याच्या वाट्याला असे चित्र यावे, याचे मला मनापासून वाईट वाटत आले आहे. म्हणूनच या प्रवासात मी त्याच्या खुणा शोधायचे ठरवले होते.

पहिल्या सकाळी लॅटेरन येथील सेंट जॉनच्या महामंदिरात गेले. उजव्या बाजूच्या एका खांबावर सिल्वेस्टरचे स्मारक आहे. त्याचे मूळ नाव गेर्बेर. फ्रान्सच्या ओव्हेर्न्य भागातील हा मठवासी तरुण ९६७ च्या सुमारास कॅटालोनियात गणित शिकला. पुढे रँस येथे शिकवताना त्याने सत्तावीस स्तंभांची गणनपाटी करवून घेतली आणि शिंगाच्या एक हजार सोंगट्यांवर नऊ अंकचिन्हे कोरवली, असे त्याचा शिष्य रिशे याने लिहून ठेवले आहे. अरबांकडून आलेली ती चिन्हे मुळात भारतीय होती. शून्य मात्र त्यांत नव्हते. ९९९ मध्ये तो पोप झाला आणि १२ मे १००३ रोजी वारला. हंगेरीच्या राजा इश्तवानला मुकुट याच पोपने पाठवला, अशी परंपरा आहे. तोच प्रसंग हंगेरीच्या शिल्पकार दाम्को याने १९०९ मध्ये या स्मारकावर कोरला आहे.

खालच्या जुन्या शिलालेखापाशी मी बराच वेळ थांबले. प्रभू येईल तेव्हा त्या ‘नादासरशी’ ही जागा सिल्वेस्टरचा देह परत देईल, अशा अर्थाची एक ओळ त्यात आहे. नाद म्हणजे अंतिम दिवसाच्या तुतारीचा. पण लोकांनी तो हाडांचा खडखडाट मानला आणि पोप मरणार असला की या थडग्यातून आवाज येतो, अशी वदंता पसरली. एका शब्दाच्या चुकीच्या वाचनातून केवढे भय उभे राहिले! गणित येते म्हणजे चेटूक येते, हा संशय आधीपासून होताच. हायडेलबर्गच्या चित्रात तो रंगांनी उतरला एवढेच.

तेथून दहा-पंधरा मिनिटांच्या चढावर सांती क्वात्रो कोरोनाती हा मठ आहे. जोगिणीने दार उघडून दिले आणि मी सिल्वेस्टरच्या छोट्या प्रार्थनागृहात शिरले. येथील १२४६ च्या सुमाराची भित्तिचित्रे मात्र पहिल्या सिल्वेस्टरची, म्हणजे चौथ्या शतकातील पोपची आहेत. कुष्ठाचे ठिपके अंगभर आलेला सम्राट कॉन्स्टंटाइन, मग त्याचा बाप्तिस्मा, आणि शेवटी पोपच्या घोड्याचा लगाम धरून पायी चालणारा तोच सम्राट. एका चित्रात सिल्वेस्टर मेलेल्या बैलाला जिवंत करतो. गेर्बेरने आपले नवे नाव या पोपवरून घेतले, कारण त्याचा शिष्य सम्राट तिसरा ओटो याला नवा कॉन्स्टंटाइन व्हायचे होते.

दुपारी लॅटेरनहून सांता क्रोचे इन जेरुसलेम्मे या चर्चकडे पायी निघाले. जेरुसलेममध्ये पूजा सांगेपर्यंत तुला मरण नाही, असे सैतानाने गेर्बेरला सांगितले होते आणि जेरुसलेमचे नाव असलेल्या याच चर्चमध्ये त्याने ती सांगितली, अशी दंतकथा आहे. वाटेवर जुन्या तटभिंतीच्या पायथ्याशी जांभळट फुलांचे एक झाड दिसले म्हणून वाकले. पाच पाकळ्या, प्रत्येकीच्या टोकाला खाच, आणि बुडापासून वर धावणाऱ्या गडद जांभळ्या रेषा. ते माल्वा सिल्वेस्ट्रिस होते.

लॅटिनमध्ये ‘सिल्वा’ म्हणजे रान, आणि पोपचे सिल्वेस्टर हे नावही त्याच शब्दातून आलेले. आपण रानकेळ, रानहळद म्हणताना जे ‘रान’ जोडतो, तेच काम वनस्पतींना लॅटिन नावे देणाऱ्या लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ मध्ये ‘सिल्वेस्ट्रिस’ या शब्दाकडून करून घेतले, आणि नंतरच्या अभ्यासकांनीही. युरोपातील एक पाइन हा पायनस सिल्वेस्ट्रिस. इटलीच्या अपेनाइन डोंगरांत फिरणारे, झुबकेदार शेपटीवर काळी वलये असलेले रानमांजर फेलिस सिल्व्हेस्ट्रिस. आपली शिंदी तर फिनिक्स सिल्वेस्ट्रिस! तिचे जुने चित्र मलबारच्या वनस्पतींवरील ‘हॉर्टस मलबारिकस’ या लॅटिन ग्रंथाच्या १६८२ च्या तिसऱ्या खंडात ‘काटू-इंदेल’ या नावाखाली आहे, आणि मल्याळममध्ये ‘काटू’ म्हणजेही रानच. लिनियसने शिंदीला नाव देताना त्या चित्राचा आधार घेतला. याच ग्रंथाच्या पहिल्या खंडात, १६७८ मध्ये, रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोकणी वैद्यांचे निवेदन नागरी लिपीत छापलेले आहे. मला या चित्रांचा फार आदर वाटतो, कारण त्या चित्रकाराने पाते, फळ, बी समोर ठेवून काढले. ऐकीव गोष्टीवरून काही जोडले नाही. पोपच्या नशिबी असा चित्रकार आला असता, तर त्याच्या शेजारी शिंगे असलेला सैतान नसता, शिंगाच्या सोंगट्या असत्या.

घरी परतले तेव्हा दारामागे दिवाळीत आणलेली केरसुणी उभी होती. लक्ष्मीपूजनाला वाहिलेले हळदकुंकू तिच्या मुठीवर अजून पुसट दिसत होते. पिशवीतले चित्र बाहेर काढण्याआधी मी ती उचलली आणि शिंदीच्या पात्यांची कडक, टोकदार टोके बोटांनी चाचपून पाहिली.