९ नंबरची लाल जर्सी

आज कपाट आवरताना तळाशी लिव्हरपूल या इंग्लिश फुटबॉल क्लबची जुनी जर्सी सापडली. पाठीवर आमचा तेव्हाचा स्ट्रायकर टोरेस, ९. आवरणं तिथंच थांबलं.

३१ जानेवारी २०११ ला तो पाच कोटी पौंडांना चेल्सी या प्रतिस्पर्धी क्लबला गेला, त्या रात्री मी ही जर्सी घडी करून खाली दडपली होती. फाडायला हात धजावला नव्हता. ॲनफिल्ड या आमच्या मैदानावरच्या पहिल्याच लीग सामन्यात ज्या चेल्सीविरुद्ध त्यानं गोल केला होता, त्याच चेल्सीकडे तो गेला! आठवडाभरात निळ्या जर्सीत आमच्याविरुद्ध उतरलाही. आम्ही १-० नं जिंकलो, पण त्याच्याकडे बघवत नव्हतं. १४२ सामन्यांत ८१ गोल करणारा माणूस असा परका कसा होतो?

आज पुन्हा मार्च २०१५ मधल्या ॲनफिल्डवरच्या चॅरिटी सामन्याचा व्हिडिओ लावला. टोरेस मैदानात आला आणि प्रेक्षकांनी त्याचं जुनं गाणं धरलं. पुढे तो आणि आमचा आणखी एक जुना स्ट्रायकर सुआरेझ एकत्र खेळले. तो गेला त्याच दिवशी सुआरेझ क्लबमध्ये आला होता, त्यामुळे ही जोडी आम्हाला कधी बघायलाच मिळाली नव्हती. मला तर त्या सगळ्या सामन्यात तेच सर्वात मोलाचं वाटलं. डोळे भरून आले.

राग पूर्ण गेलाय असं नाही म्हणणार. आपलं मानलेल्या माणसाचाच असा राग येतो.

जर्सी धुवून वाळत घातली आहे. शनिवारी सामना बघताना घालीन.