११७७८ व्या जागेवरचे अक्षर

पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया या सूक्ष्म घटकांना पेशीकेंद्रकाबाहेरचा स्वतःचा डीएनए असतो. माणसात तो अवघ्या १६,५६९ अक्षरांचा असून त्यातील ३७ जनुकांपैकी १३ जनुके ऊर्जानिर्मितीला लागणारी प्रथिने घडवतात. अमेरिकी शास्त्रज्ञ डग्लस वॉलेस यांनी या चिमुकल्या डीएनएवर आयुष्यभर काम केले, आणि त्यातले १९८८चे संशोधन मला सर्वांत मोलाचे वाटते. ते लेबर नेत्रविकाराबद्दल होते. या विकारात ऐन तारुण्यात आधी एका आणि बहुधा काही आठवड्यांतच दुसऱ्या डोळ्याची मध्यवर्ती दृष्टी जाते. वॉलेस आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, या डीएनएच्या ११७७८ व्या जागी ग्वानिन या अक्षराऐवजी ॲडेनिन आले की श्वसनसाखळीच्या, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या प्रथिनांच्या मालिकेच्या, पहिल्या संकुलातील एका प्रथिनात आर्जिनीन या अमिनो आम्लाच्या जागी हिस्टिडीन बसते. एवढ्याशा फरकाने नजर जावी, हे आजही मला अस्वस्थ करते.

हा बदल आईकडूनच येतो, पण तो असलेल्या प्रत्येकाची दृष्टी जात नाही, आणि त्याचा त्रास पुरुषांना अधिक होतो. त्यामुळे आईला बोल लावणे सर्वस्वी अन्यायाचे आहे. रुग्ण पुरुष असेल, तर त्याच्याकडून मुलांना हा बदल मिळत नाही, हे डॉक्टरांनी त्याला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावे.