पेटीवाले सर आणि पडद्याची दोरी

स्मरणिका समितीचं पत्र आलं. ‘शाळेविषयी दोन पानं लिहा’ म्हणतात. शाळेविषयी लिहिणारे पुष्कळ असतील, मी पेटीवाल्या सरांविषयीच लिहिणार. त्यांचं खरं नाव हजेरीपटाबाहेर कोणी घेतलं नाही, मीही घेत नाही.

आपल्या आश्रमशाळेत गडचिरोलीतल्या कोरची-धानोऱ्याकडची पोरं यायची. घरी गोंडी, वर्गात मराठी. धडा वाचायला उभं केलं की मान खाली. सरांनी त्यांचे जादा तास घेतले नाहीत, दंडार बसवली, म्हणजे आपल्याकडचं गाण्या-नाचाचं लोकनाट्य. दंडारीला कागद लागत नाही. ऐकायचं, म्हणायचं, नाचायचं, झाडीतल्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या, गावांनी ती अशीच जपली. दंडार जमली की गॅदरिंगसाठी राजा-प्रधानाचं नाटक. पार्ट वाटायची सरांची रीत उलटी होती. ज्याला वाचता येत नाही त्याला सगळ्यात मोठा पार्ट. मी वर्गात पहिला, म्हणून माझ्या हाती दर वर्षी पडद्याची दोरी. एकदा रुसून विचारलं तर म्हणाले, “तुले वाचता येते ना बे? मंग धर दोरी. त्याईले बोलू दे.”

धान कापणीला पोरं घरी पळायची. सर सायकलनं त्यांच्या गावी जायचे, बापाच्या बांधीत दोन तास धान कापायचे आणि मग पोरगा मागायचे. कोण नाही म्हणणार?

त्या वर्षीचं गॅदरिंग सर्वांना आठवत असेल. पुढे खुर्च्यांवर पाहुणे, मागे सतरंजीवर आईबाप. दरबाराच्या प्रवेशात आपला राजा अडला. सरांनी पेटीवर सूर धरून वेळ दिला, तरी वाक्य येईना. मग त्यानं सरळ गोंडीतच प्रधानाला झापलं. प्रधानही त्याच्याच गावचा, त्यानं गोंडीतच उत्तर दिलं. पुढचा अख्खा दरबार गोंडीत! सतरंजीवरची माणसं पोट धरून हसताहेत, खुर्च्यांवरचे एकमेकांकडे बघताहेत. मी दोरी घट्ट धरून सरांकडे पाहिलं, पडदा टाकू का? सरांनी मान हलवली, राहू दे. आणि पेटी अशी वाजवली की जणू हे सगळं ठरलेलंच होतं.

दुसऱ्या दिवशी एका साहेबांनी ऑफिसात सुनावलं की मुलांचं मराठी सुधारायचं सोडून हे काय चाललंय. सर ‘हो जी’ म्हणाले. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःच एक प्रवेश गोंडीत बसवला. तोच राजा तोवर मराठी धडा न अडखळता वाचू लागला होता, हे साहेबांना कोणी सांगितलं की नाही, माहीत नाही.

तो राजा आज वडशाच्या एका झाडीपट्टी नाटक कंपनीत विनोदी कामं करतो. दिवाळीनंतरच्या मंडईपासून, म्हणजे गावजत्रेपासून, होळीपर्यंत रात्री दहाला उभा राहतो तो उजाडेपर्यंत, बाकी वर्षभर धानाची शेती. मी ब्रह्मपुरीला कॉलेजात शिकवतो. आमच्या पोरांची एकांकिका मागच्या वर्षी युवा महोत्सवात दुसरी आली. पार्ट मी सरांच्याच रीतीनं वाटले होते, हुशार पोरं नाराज झाली.

2023 मध्ये आपल्याच कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, झाडीपट्टी रंगभूमीवरचा 5000 प्रयोग आणि 800 भूमिकांचा माणूस. सर असते तर सायकल काढून गुरनोली गाठली असती. आणि आपल्या गॅदरिंगला आता डीजेवर रेकॉर्ड डान्स! पोरं छान नाचतात, पण तोंडातून शब्द निघत नाही. मला ते आवडत नाही, समितीनं राग मानू नये.

सरांची पेटी अजून ऑफिसातल्या कपाटावर आहे म्हणतात. भाता फाटला असेल, सूर गेले असतील. दुरुस्तीचा सगळा खर्च मी देतो, फक्त ती पोरांच्या हाती द्या. नागपूरला न्यायची असेल तर गाडीही माझी. समितीनं तारीख कळवावी.