कूलरचे चार कोपरे

आज भाचीच्या जुन्या इंटेल संगणकाचा मदरबोर्ड बदलून एएमडीचा एएम४ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा) बोर्ड बसवला आणि दिवसाचा बराच वेळ प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरच्या जोडणीतच गेला. जुना कूलर चार पुश-पिनांवर, म्हणजे बोर्डाच्या छिद्रांत दाबून अडकवायच्या प्लास्टिकच्या पिनांवर, उभा होता. ही पद्धत २००४ मध्ये इंटेलच्या एलजीए ७७५ सॉकेटबरोबर रूढ झाली. कर्णरेषेतील पिना जोडीने दाबायच्या आणि बोर्डाच्या मागच्या बाजूने पाहून पिनेची मधली काळी खुंटी तिच्या चिमट्यासारख्या पायांतून पूर्ण खाली उतरली आहे ना, याची खात्री करायची. या तपासणीसाठी बोर्ड कॅबिनेटबाहेर काढावाच, असे माझे ठाम मत आहे. कारण एक पिन जरी अर्धवट राहिली, तरी कूलर एका बाजूने उचलला जातो आणि प्रोसेसर तापतो.

नव्या बोर्डावर एएमडीचाच रेथ स्टेल्थ कूलर बसवायचा होता. त्यासाठी सॉकेटजवळच्या प्लास्टिकच्या दोन्ही पट्ट्या काढाव्या लागतात आणि स्प्रिंगचे चार स्क्रू थेट मागच्या धातूच्या पट्टीत जातात. मात्र या पट्ट्या काढताच ती मागची पट्टी निसटते, म्हणून तिला खालून हाताने आधार देणे आवश्यक असते. प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी पेस्ट लावल्यावर प्रत्येक स्क्रू थोडाथोडा, कर्णरेषेतच आवळत गेलो. दाब चारही बाजूंनी सारखा वाढतो, म्हणून मला हीच पद्धत अधिक विश्वासाची वाटते. जड टॉवर कूलरसाठी तर मागची पट्टी हवीच.

जुना कूलर नव्या बोर्डावर वापरू इच्छिणाऱ्यांनी छिद्रांमधील अंतर आधी पाहावे: इंटेलच्या एलजीए १२०० सॉकेटमध्ये ते ७५ मिलिमीटर होते, एलजीए १७०० मध्ये ७८ झाले.