थापी, तडा आणि उंदरांचं औषध

एम.ए. इंग्रजीच्या शेवटच्या सेमिस्टरला प्रोजेक्टसाठी मी 'गॉथिक लघुकथेतली प्रतीकं आणि पूर्वसूचना' हा विषय घेतला; गॉथिक म्हणजे भय आणि गूढाच्या कथा. साहित्य आयतं मिळण्यासारखं होतं. इथे इंदुरात खजूरी बाजारात मिळणाऱ्या गाइडांत प्रत्येक कथेखाली यादीच असते: काळा रंग म्हणजे मृत्यू, लाल म्हणजे रक्त, घड्याळ म्हणजे सरत चाललेलं आयुष्य. उतरवून काढायची आणि बाइंडिंगला टाकायची. आमच्या वर्गात पुष्कळांनी तेच केलं आणि पासही झाले. मला मात्र एक कोडं सुटत नव्हतं. लेखकाने शेवट इतका उघड सांगून ठेवलाय, तर वाचताना तो दिसत कसा नाही?

म्हणून मी कथा शेवटाकडून मागे वाचायला लागले. सूचना सापडली की पेन्सिलीची खूण, आणि समासात एकच प्रश्न: ही वस्तू इथे कुठल्या निमित्ताने आली?

अमेरिकन लेखक एडगर अ‍ॅलन पोची 1846 सालची 'द कास्क ऑफ अमाँटिलाडो' मी आधी आजीला सांगितली. तिला आता वाचवत नाही, पण ऐकताना ती वकिलासारखी अडवते. मॉन्ट्रेसॉर फॉर्च्युनाटोला उंची दारूची लालूच दाखवून तळघरात नेतो. वाटेत फॉर्च्युनाटो फ्रीमेसन नावाच्या गुप्त बंधुसंघाची खूण करतो; 'मेसन' म्हणजे गवंडीही. मॉन्ट्रेसॉर म्हणतो, मीही त्यांच्यातलाच, आणि पुरावा म्हणून झग्याखालून थापी काढून दाखवतो. आजीने तिथेच थांबवलं. "अगं, खानदानी माणूस उत्सवाच्या संध्याकाळी गवंड्याची थापी घेऊन हिंडतो होय? हा घरून ठरवून निघालाय." फॉर्च्युनाटोला तो विनोद वाटतो. आपल्यालाही वाटतो, कारण त्या क्षणी थापी एका थट्टेचं उत्तर म्हणून आलेली असते. पुढे त्याच थापीने मॉन्ट्रेसॉर त्याला भिंतीत जिवंत चिणतो. खोकल्याचंही तसंच. फॉर्च्युनाटो म्हणतो, खोकल्याने काही मी मरणार नाही. मॉन्ट्रेसॉर म्हणतो, खरंय, खरंय. हे ऐकून आजी खो खो हसली. गाइडमध्ये या विनोदाबद्दल अक्षर नाही.

इथून माझ्या प्रोजेक्टला कणा मिळाला: सूचना लपवायची तर तिला कथेत आधी दुसरं एखादं साधं काम द्यायचं.

ही कसोटी लावल्यावर पोचीच 'द मास्क ऑफ द रेड डेथ' (1842) मी अर्ध्या पानात आटोपली. सात रंगांची सात दालनं, शेवटचं काळं, त्याच्या काचा रक्तासारख्या लाल. थाट मोठा, पण तिथे काहीच लपलेलं नाही. त्याच्याच 'द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर'वर (1839) मात्र मी रेंगाळले. वाड्याच्या दर्शनी भिंतीत छपरापासून डोहापर्यंत वाकडातिकडा गेलेला, जेमतेम दिसणारा तडा ही प्रसिद्ध खूण. मला त्याहून आवडली ती वाड्याच्या मालकाच्या बहिणीच्या, शवपेटीतल्या मॅडलिनच्या गालांवरची फिकट लाली आणि ओठांवरचं हसू. ती जिवंत आहे हे तिथेच सांगितलंय. पण निवेदक लगेच म्हणतो, अशा आजारांत असं दिसतंच. कारण मिळालं की आपण पुढचं पान उलटतो.

सगळ्यात जास्त वेळ अमेरिकन लेखक विल्यम फॉकनरच्या 'अ रोझ फॉर एमिली'ने (1930) खाल्ला. यात घटनांचा क्रम मोडलेला आहे. दुसऱ्या भागात एमिलीच्या घरातून दुर्गंधी येते. न्यायाधीश म्हणतात, नोकराने साप नाहीतर उंदीर मारला असेल. रात्री चार माणसं गुपचूप येऊन चुना टाकून जातात. ती औषधांच्या दुकानातून आर्सेनिक आणते ते तिसऱ्या भागात, आणि पुडक्यावर लिहिलेलं असतं 'उंदरांसाठी'. मी कागदावर सगळ्या घटना कालक्रमाने मांडून पाहिल्या. आधी विष, मग प्रियकर गायब, मग वास. असं सांगितलं असतं तर शेंबड्या पोरानेही ओळखलं असतं. फॉकनर वास आधी देतो आणि विष नंतर, त्यामुळे आपण दोन्ही जोडतच नाही. तो कागद मी तसाच प्रोजेक्टला जोडला. प्रोजेक्टच्या मार्गदर्शक, म्हणजे आमच्या गाइडबाईंना, तो जरा खटकला. त्यांच्या मते तक्ते अर्थशास्त्रात शोभतात.

व्हायव्हाला बाहेरून आलेल्या सरांनी प्रोजेक्ट मिटून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "यात नसलेली एखादी कथा घ्या आणि सूचना दाखवा." मी डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सची 'द मंकीज पॉ' (1902) घेतली; माकडाच्या वाळक्या पंजाकडे तीन वर मागणाऱ्या घराची ही कथा. सुरुवातीलाच बापलेक बुद्धिबळ खेळत बसलेत. बाप गरज नसताना आपल्या राजाला भलत्याच धोक्यात घालतो, चूक उशिरा लक्षात येते, मग मुलाचं लक्ष पटावरून उडावं म्हणून वाऱ्याचा विषय काढतो. पुढे मागितलेल्या तिन्ही वरांचं सार त्या डावात आहे, पण वाचताना वाटतं, पावसाळी रात्री घरात बसून माणसं दुसरं करणार काय?

"मग हे प्रतीक की पूर्वसूचना?" सरांनी विचारलं.

मी म्हटलं, "सर, वर मागेपर्यंत नुसतं बुद्धिबळ."

त्यांनी गाइडबाईंकडे पाहिलं आणि पुढच्या मुलीला आत बोलवायला सांगितलं.